प्रगतिपुस्तकातली श्रेणी आणि बाहेरची परीक्षा: मुलाला किती आले, हे कोण सांगते?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार. माझी मुलगी आठवीत, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकते. प्रगतिपुस्तकात तिला गणितात सातत्याने अ-१ श्रेणी मिळते आणि शेजारच्या वर्णनात्मक नोंदीत ‘उदाहरणे अचूक सोडवते’ असा शेरा असतो. त्याच मुलीला शिष्यवृत्ती परीक्षेत गणितात १०० पैकी ४२ गुण मिळाले. शाळेविषयी माझी तक्रार नाही आणि शिष्यवृत्तीची रक्कम हुकल्याचे दुःखही नाही. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की एकाच वर्षात, एकाच विषयात, एकाच मुलीविषयी ही दोन उत्तरे येत असतील, तर तिला गणित किती येते हे आम्ही पालकांनी कशावरून ठरवायचे? या क्षेत्रातल्या जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खडूचूर्ण

रानजाईताई, मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवतो, म्हणून आधी श्रेणी कशी तयार होते ते सांगतो. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यानुसार सातवी-आठवीला आकारिक मूल्यमापनाला ४० टक्के आणि संकलित मूल्यमापनाला, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेला, ६० टक्के भारांश असतो. पहिली-दुसरीला हेच प्रमाण ७० आणि ३० असे आहे. आकारिकमध्ये निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, वर्गकार्य, छोटी लेखी चाचणी अशी साधने येतात. ९१ ते १०० मध्ये गुण आले की अ-१. म्हणजे आपल्या मुलीच्या अ-१ मध्ये तिचे गणित आहेच. त्याखेरीज वही वेळेवर पूर्ण करणे, प्रकल्प नीट करणे आणि वर्गात हात वर करणेही आहे. या सवयी शिकण्यासाठी मोलाच्याच आहेत, पण त्या गणिताच्या रकान्यात मिसळून येतात आणि पुढे वेगळ्या काढता येत नाहीत.

शिष्यवृत्तीचा पहिला पेपर ९० मिनिटांचा, ७५ प्रश्नांचा असतो. त्यांपैकी ५० प्रश्न गणिताचे आणि २५ प्रथम भाषेचे असतात. एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून कमी वेळ मिळतो. आपल्या मुलीच्या आठवीच्या परीक्षेत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय होते आणि ते दोन्ही नोंदवायचे होते. तेव्हा त्या ४२ मध्ये गणिताबरोबर वाचनाचा वेग, पर्यायांची सवय आणि घड्याळाचे दडपण हेही मोजले गेले आहे.

सडेतोड

खडूचूर्ण सर, आपला तपशील बरोबर आहे, पण निष्कर्ष फार मवाळ आहे. शाळेच्या हातात असलेले गुण फुगतात, हे राज्याने एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. दहावीचा राज्याचा निकाल मार्च २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे अंतर्गत २० गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. त्यावर गदारोळ झाला, गुण परत आणले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, नववीच्या आणि दहावीच्या शालेय गुणांवर निकाल लावला, तर तो ९९.९५ टक्के! वर्षभरात मुले काही एवढी मठ्ठ किंवा एवढी हुशार होत नाहीत.

गुणाकार

सडेतोड, हे आकडे मलाही पाठ आहेत, परंतु त्यांतून एकच अर्थ काढण्याची घाई करू नये. २०१९ साली अंतर्गत गुण गेले, तसाच दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही बदललेले होते. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर १२ टक्क्यांच्या घसरणीतला कोणाचा वाटा किती, हे निकालपत्रावरून सांगता येत नाही. २०२० मध्ये तर टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले.

माझा मुद्दा याच्याही पुढचा आहे. उत्तीर्णांचे प्रमाण हा शिकण्याचा आकडाच नव्हे. ३५ गुणांच्या रेषेच्या जरा वर आणि जरा खाली हजारो मुले दाटीने उभी असतात. नियमात थोडा फेरफार झाला की ही सगळी गर्दी रेषेच्या या किंवा त्या बाजूला जाते आणि राज्याचा निकाल उडी मारतो किंवा कोसळतो. त्या मुलांना येणाऱ्या इंग्रजीत किंवा इतिहासात मात्र काडीचाही फरक पडलेला नसतो. वर्षावर्षांची तुलना करायची असेल, तर काही प्रश्न दोन्ही वर्षी समान ठेवावे लागतात किंवा काठिण्य जुळवून घ्यावे लागते. मंडळाची परीक्षा त्यासाठी रचलेलीच नाही.

पेढेवाला काका

आमच्या वेळी साठ टक्के पडले की अख्ख्या आळीत पेढे वाटले जात. आता शंभर टक्केवाल्यांचीही भली मोठी यादी निघते, तेव्हा कोणाकोणाचे तोंड गोड करावे, हा प्रश्नच पडतो. ही मुले मेहनती आहेत, त्यांचे मनापासून कौतुक आहे. मात्र सहापैकी उत्तम पाच विषय धरायचे आणि त्यात कला-क्रीडेचे वाढीव गुण मिळवायचे, हा हिशेब निकाल पाहणाऱ्या आजी-आजोबांना कोणीतरी समजावून सांगायला हवा.

कायदेपंडिता

काकांनी ‘उत्तम पाच’चा उल्लेख केला आहे, म्हणून त्यामागचा इतिहास थोडक्यात लिहिते, कारण तो या धाग्याच्या प्रश्नाला थेट भिडतो. मुंबईत अकरावीच्या एका जागेसाठी राज्य मंडळाची, आयसीएसईची आणि सीबीएसईची मुले एकाच यादीत येतात. तिन्ही मंडळांचे ९० टक्के सारखे नाहीत, हे सर्वांना मान्य होते. ते सारखे कसे करायचे, यावर एकमत नव्हते. २००८ साली शासनाने पर्सेंटाइलचे, म्हणजे गुणांऐवजी इतरांच्या तुलनेतले स्थान पाहण्याचे, सूत्र आणले, ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ साली ९० टक्के जागा राज्य मंडळासाठी राखण्याचा निर्णय घेतला, तोही टिकला नाही. २०१० साली ‘उत्तम पाच’ आले. ते उच्च न्यायालयाने रद्द केले, पण सर्वोच्च न्यायालयाने चालू दिले. पुढे २०२१ मध्ये अकरावीसाठी सर्वांना एकच प्रवेश परीक्षा घेण्याचे ठरले, तर परीक्षेच्या काही दिवस आधी, १० ऑगस्टला, मुंबई उच्च न्यायालयाने तीही रद्द केली.

मला यात दिसते ते असे की आपण वर्षानुवर्षे गुणांच्या बेरजेवर डोके लढवत राहिलो. त्या गुणांमागे मुलाला नेमके काय येते, हा विषय या सगळ्या लढायांत दुय्यमच राहिला. प्रवेशासाठी क्रम लावणे ही गरज खरी आहे, पण ती मोजमापाची गरज नव्हे, वाटपाची आहे.

सीईटी२०

एक शंका. माझ्या भावाला एमएचटी-सीईटीत ९१ पर्सेंटाइल आहेत आणि घरात सर्वजण ‘९१ टक्के मिळाले’ असे सांगत सुटले आहेत. हे एकच आहे का?

गुणाकार

नाही. ९१ पर्सेंटाइल म्हणजे त्याच्या सत्रात बसलेल्यांपैकी ९१ टक्के उमेदवारांचे गुण त्याच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, म्हणून मिळालेल्या गुणांची थेट तुलना न करता सत्रातले स्थान पाहिले जाते. पेपर अवघड असेल, तर निम्मे प्रश्न सोडवूनही कोणी ९१ पर्सेंटाइलला पोहोचू शकतो. ही संख्या इतरांच्या तुलनेत तो कुठे आहे ते सांगते, त्याला रसायनशास्त्र किती आले ते सांगत नाही. भावाचे अभिनंदन मात्र जरूर करा.

ओसरीवर

मी ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात स्वयंसेवक म्हणून काम केले आहे. २००५ पासून चालत आलेल्या या सर्वेक्षणात जिल्ह्यातली ३० गावे आणि प्रत्येक गावातली २० घरे निवडली जातात. मुलाला शाळेत न गाठता घरी गाठायचे, म्हणजे गैरहजर राहणारी आणि शाळा सोडलेली मुलेही सापडतात. एका कागदावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल जिथपर्यंत वाचते ती त्याची पातळी; गुण नाहीत, पास-नापास नाही.

गणितात हातच्याची वजाबाकी असते. ओसरीवर बसलेल्या एका पाचवीतल्या मुलीने ५२ वजा ३८ चे उत्तर २६ लिहिले. शेजारी उभ्या असलेल्या काकू हळहळल्या, पण मी त्या आकड्याकडे बघतच राहिले. ती अंदाजपंचे लिहीत नव्हती. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. प्रत्येक घरात तिने मोठ्यातून लहान अंक वजा केला होता. तिची एक पद्धत होती, ती पक्की होती आणि चूक होती. वार्षिक परीक्षेत या उत्तराला शून्य मिळते आणि शून्याच्या मागची ही पद्धत कोणालाच दिसत नाही. शिक्षकाने हे एकदा पाहिले, तर काय करायचे ते त्याला लगेच कळते: दशकाच्या काड्यांचा गठ्ठा सोडायचा आणि सुट्या काड्या मोजायला लावायच्या.

देशभरात ग्रामीण भागातल्या पाचवीच्या साधारण निम्म्या मुलांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते, असे ‘असर’ अनेक वर्षे सांगत आला आहे. ही मुले पाचवीपर्यंत आली आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दरवर्षी कोणती ना कोणती श्रेणी असलेले प्रगतिपुस्तक पडलेलेच आहे.

सडेतोड

ओसरीवर ताई, याहून कडक पुरावा मीही देऊ शकलो नसतो. माझा मुद्दा हाच होता.

ओसरीवर

पूर्णपणे नव्हे. ‘असर’चा कागद दोन-चार मूलभूत कौशल्यांपलीकडे काही पाहत नाही. गोष्ट खडाखडा वाचणाऱ्या मुलाला ती समजली का, त्याला स्वतःचे चार शब्द लिहिता येतात का, हे तो विचारत नाही. शासनाचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (२०२४ पासून ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण) शाळेत, लेखी आणि बहुपर्यायी प्रश्नांनी होते. त्याचे चित्र बऱ्याचदा वेगळे दिसते आणि मग दोन्ही बाजू एकमेकींना खोटे ठरवतात. जागा वेगळी, साधन वेगळे, निवडलेली मुले वेगळी असताना उत्तरे तंतोतंत जुळण्याची अपेक्षाच का ठेवावी? शिवाय ही दोन्ही सर्वेक्षणे जिल्ह्याचे किंवा राज्याचे चित्र काढण्यासाठी आहेत. त्यांवरून एका मुलाचा किंवा एका शिक्षकाचा निवाडा करणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.

सिपना

मेळघाटातून लिहितो आहे. आमच्याकडची मुले घरी कोरकू बोलतात. ‘एका व्यापाऱ्याने शेकडा १२ सूट देऊन वस्तू विकली’ हे वाक्य ज्या मुलाला उलगडत नाही, तेच मूल आठवडी बाजारात मोहफुलांचा हिशेब तोंडी आणि चोख करते. त्याच्या गणिताच्या गुणांत प्रमाण मराठी किती आणि गणित किती, हे मला वर्गात बसून कळते, निकालपत्रावरून कधीही कळत नाही. प्रमाणित चाचणीचा आग्रह धरणाऱ्यांनी ती चाचणी कोणाच्या भाषेत प्रमाणित केली आहे, हेही विचारावे. सोन्याचा काटा कितीही अचूक असला, तरी त्यावर लाकडाचा ओंडका तोलता येत नाही.

बे एरिया

कॅलिफोर्नियात याच प्रश्नावर घमासान झाले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये प्रवेशासाठी सॅट या अमेरिकेतल्या सामाईक प्रवेश परीक्षेची अट काढून टाकायला सुरुवात केली. ही परीक्षा सुखवस्तू घरांतल्या मुलांना झुकते माप देते, हा त्यामागचा मोठा आक्षेप होता. अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेने २०२२ मध्ये ती अट परत आणली आणि कारण जवळजवळ उलटे दिले: चांगल्या शाळेचे आणि भरगच्च उपक्रमांचे पाठबळ नसलेल्या हुशार मुलाला आपली तयारी दाखवायला ही परीक्षाच उपयोगी पडते. दोन्ही संस्था नावाजलेल्या आहेत आणि दोघींनीही अभ्यास करूनच निर्णय घेतला आहे. एमआयटीत पहिल्या वर्षाचे गणित सर्वांना सक्तीचे आहे, त्यामुळे तिथे त्या गुणांना वेगळे वजन आहे.

गुणांवर शिक्षकांचे भवितव्य टांगले की काय होते, हेही इथे पाहिले आहे. अटलांटा शहरात शाळांवर चाचणीचे गुण वाढवण्याचा इतका दबाव होता की शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. गुण वाढले, मुले होती तिथेच राहिली. ज्यांना मदतीची गरज होती त्यांचे गुण चांगले दिसू लागले, म्हणून ती मदत त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, हे मला त्या खटल्यातले सर्वांत दुःखद अंग वाटते.

लाल शाई

दहावीचे पेपर अनेक वर्षे तपासले आहेत, म्हणून मोजणाऱ्या माणसाविषयी लिहिणे अगत्याचे वाटते. १९१२-१३ च्या सुमारास स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी एकच भूमितीची उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा गुण तिशीच्या आतपासून नव्वदीच्या वरपर्यंत पसरले. निबंधात मतभेद होणार हे आपण गृहीत धरतो, पण हा भूमितीचा पेपर होता! कोणी अंतिम उत्तराला गुण दिले, कोणी पायऱ्यांना, कोणी नीटनेटकेपणाला.

म्हणूनच मंडळात नमुना उत्तरपत्रिका, गुणदान योजना आणि परीक्षकांवर नियामक अशी उतरंड असते. तिने फरक कमी होतो, नाहीसा होत नाही. ८९ आणि ९१ यांत खरा फरक आहे, असे मी छातीठोकपणे कधीच म्हणणार नाही. आपली प्रवेशाची यादी मात्र दशांशातल्या फरकावर मुलांची महाविद्यालये ठरवते. ज्यांना शंका असेल, त्यांनी उत्तरपत्रिकेची छायाप्रत जरूर मागवावी. तो आपला हक्क आहे आणि गुणपत्रिकेपेक्षा त्या कागदावरून पाल्याविषयी कितीतरी अधिक कळते.

शेतकऱ्याचा मुलगा

इथे परीक्षेविरुद्ध पुष्कळ लिहून झाले, म्हणून दुसरी बाजू कळकळीने मांडतो. मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातला. माझ्या वर्गशिक्षकांच्या मनात माझी प्रतिमा ‘मागच्या बाकावरचा’ अशीच होती आणि अंतर्गत गुण त्या प्रतिमेप्रमाणेच पडत. मंडळाच्या परीक्षेत माझे नाव, आडनाव, जात, वडिलांचा सातबारा यांपैकी काहीच तपासणाऱ्याला दिसत नव्हते. बैठक क्रमांक आणि उत्तर, एवढेच. त्या परीक्षेने मला औरंगाबादच्या महाविद्यालयाचे दार उघडून दिले. त्या कागदाच्या त्रुटी वरच्या सर्व प्रतिसादांत आहेत आणि मला त्या मान्य आहेत. तरीही तो काढून त्याजागी शिफारस, मुलाखत आणि ‘सर्वांगीण मूल्यांकन’ आणणार असाल, तर पहिला फटका कोणाला बसेल, याचा विचार करावा, ही विनंती.

सिपना

दादा, आपल्याशी सहमत आहे. माझ्या मुलांना परीक्षा नको, असे मी म्हणत नाही. त्यांना प्रश्न समजेल अशी परीक्षा हवी.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून मी शिष्यवृत्तीची प्रश्नपत्रिका काढली आणि लेकीला गणिताचा भाग पुन्हा सोडवायला बसवले, या वेळी घड्याळ न लावता. बरेच प्रश्न सुटले, म्हणजे वेळेचा अडसर होताच. काही मात्र वेळ देऊनही चुकले आणि ते मी ओसरीवर ताईंच्या नजरेने पाहिले. १२ मजूर एक काम १५ दिवसांत करतात, तर २० मजूर ते किती दिवसांत करतील? तिने २५ लिहिले. मजूर वाढले आणि दिवसही वाढले! तिची मांडणी सुबक होती, त्रैराशिक बिनचूक होते. हे व्यस्त चलन आहे, म्हणजे एक वाढले की दुसरे घटते, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. मग शाळेची वही उघडली, तर तिथे अशीच उदाहरणे सगळी बरोबर. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘व्यस्त चलन’ असा मथळा होता.

आता शाळेत जाऊन काय विचारावे? सर रागावणार नाहीत ना, अशीही धास्ती आहे.

खडूचूर्ण

ताई, आपल्याला हवे होते ते उत्तर तो कागद आणि ती वही यांत सापडले आहे. घटक चाचणीत प्रकरणाचे नाव माहीत असते, त्यामुळे कोणती रीत वापरायची हे मुलाला ठरवावे लागत नाही. मिश्र प्रश्नपत्रिकेत आधी तेच ठरवावे लागते. शाळेने तिला रीत येते हे तपासले आणि ते खरे आहे. शिष्यवृत्तीने ती रीत कुठे लागू पडते हे तपासले, आणि ते अजून यायचे आहे. अ-१ खोटी नाही आणि ४२ सुद्धा खोटे नाहीत.

सरांकडे श्रेणीचा विषय काढू नका, त्याने संभाषण बचावाकडे वळते. तो २५ वाला कागद आणि वहीचे पान शेजारी ठेवून दाखवा. कोणत्याही शिक्षकाला एवढे पुरते; मला तरी पुरले असते. आठवड्यातून एकदा तीन-चार प्रकरणांतली उदाहरणे मथळ्याविना एकत्र देता येतील का, एवढेच विचारा. त्यांना शक्य नसेल, तर घरी आपण जुन्या स्वाध्यायांतली उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून तिला उचलायला सांगा आणि सोडवण्याआधी एकच प्रश्न विचारा: मजूर वाढले, तर दिवस वाढतील की कमी होतील? हे तोंडी सांगता येईपर्यंत पेन्सिल हातात देऊ नका.

गुणाकार

चिठ्ठ्यांत सम चलनाचीही उदाहरणे निम्मी ठेवा, अन्यथा ती प्रत्येक वेळी ‘कमी होतील’ असेच सांगू लागेल. सूट व कमिशनची काही घातली तर आणखी उत्तम. माझ्याकडे अशा मिश्र उदाहरणांचा संच आहे. उद्या संध्याकाळपर्यंत टंकून इथेच देतो.